पाठपुराव्याला न आलेले दोन

अंधेरीच्या हॉटेलातल्या थंडगार सभागृहात डॉ. देवदत्त सबनीसांनी शेवटची स्लाइड लावली.

"मोतीबिंदूचे एकशे सहा पेशंट. सगळ्यांना नवी मल्टिफोकल लेन्स. जवळचं, लांबचं, सगळं चष्म्याशिवाय. रात्री दिव्यांभोवती कडी दिसण्याची कायमची तक्रार: शून्य. पाठपुराव्याच्या तपासणीला न आलेले: दोन."

टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी यातले निम्मे सर्जन हीच लेन्स बसवू लागणार, हे डॉ. मनाली खरातला ठाऊक होतं. या चर्चासत्रांचा उपयोग तोच. तिच्या मांडीवर एक केसपेपर होता.

तो केसपेपर धोंडिरामचा. तो बसड्रायव्हर, तिच्या गोवंडीच्या दवाखान्यात महिन्यापूर्वी आलेला. दोन्ही डोळ्यांतली मोतीबिंदूची ऑपरेशनं सबनीसांच्या इस्पितळात झालेली. तेव्हापासून अंधार पडला की समोरच्या गाडीचा दिवा त्याला चकलीएवढा दिसे. डेपोवाले त्याला दिवसाची ड्यूटी द्यायला तयार होते, पण ऑपरेशन केलेल्या डॉक्टरचं पत्र सोमवारपर्यंत हवं. नाहीतर गाडीवरून खाली. इस्पितळ म्हणे, सर कॉन्फरन्सला आहेत. म्हणून मनालीने त्याला इथेच आणलं होतं. तो बाहेर, नोंदणीच्या टेबलाशेजारी बसला होता.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचे होते. मनालीने दोन चिठ्ठ्या पाठवल्या. सूत्रसंचालक ऋतिका तिचीच वर्गमैत्रीण. तिने दोन्ही वाचल्या आणि पाण्याच्या ग्लासाखाली सरकवल्या.

मनाली उठून मंचापाशी गेली. "ऋतिका, माझा प्रश्न?"

"अगं, लंच लागलाय. सरांना कशाला अडवतेस? सोड ना, यार."

"सोडायला हा प्रश्न माझ्या एकटीचा आहे का?" मनालीने तिच्यासमोरचा माइक उचलला. "सर, ते दोन कोण?"

सबनीस हसले. "माहीत असते तर हरवले असते का, डॉक्टर?"

सभागृहही हसलं.

"एक धोंडिराम. हरवला नाही, बाहेर बसलाय. ऑपरेशननंतर तीनदा तुमच्याकडे आला. या केसपेपरवर तारखेचे तीन शिक्के आहेत. प्रत्येकाखाली तुमच्या काउन्सेलरने लिहिलंय, 'सवय होईल'."

सबनीसांनी केसपेपर हातात घेतला. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळला. "हा माझ्यापर्यंत आलाच नाही."

"कसा येईल? तक्रार करणाऱ्याला काउन्सेलर बाहेरूनच परत पाठवते, आणि तुमच्या यादीत तो 'न आलेला' ठरतो. तुमच्यापर्यंत फक्त खूश माणसं पोचतात. त्यावर तुमचं शून्य उभं आहे, आणि ते शून्य तुम्ही आज या सगळ्यांना शिकवलंत!"

आता कुणी हसलं नाही. "लंच ब्रेक," ऋतिका घाईने म्हणाली. खुर्च्या सरकल्या, पण दाराशी जाऊन बरेच जण रेंगाळले. सबनीसांना त्यांच्यामधूनच बाहेर यावं लागलं.

धोंडिराम उभा राहिला. "सायेब, दिवसा झकास दिसतं. रात्री माणूस दिव्यामागं लपतो. मागं पन्नास माणसं बसलेली असतात. सवय होईस्तोवर कुणाच्या अंगावर घालू?"

सबनीस त्याच्याजवळ आले. त्यांनी टॉर्चने त्याचे डोळे पाहिले, मग नोंदणीच्या टेबलावरच लेटरहेड काढून पत्र लिहिलं. रात्री वाहन चालवू नये, दिवसाची ड्यूटी द्यावी. खाली सही.

धोंडिराम हात पुढे करणार, तोच मनालीने कागद मधेच घेतला आणि वाचला. पहिली ओळ होती: 'रुग्ण ऑपरेशननंतर आज प्रथमच तक्रार घेऊन आला.'

"मॅडम, राहू द्या," धोंडिराम पुटपुटला. "काम झालं आपलं."

"तुमचं झालं. दुसरा अजून सापडायचाय." तिने कागद सबनीसांसमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. "सर, 'प्रथमच' खोडा. 'चौथ्यांदा' लिहा."

प्लेटा घेऊन उभे असलेले डॉक्टर बघत होते. सबनीसांनी खोडलं, लिहिलं, आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली.