आलेच

मी बोलतेय. कोण म्हणून काय विचारता? जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेलच. तिच्यावरची इस्त्रीच्या कपड्यांची चळत जरा बाजूला करून बघा.

आम्ही चौघी बहिणी एकाच लाकडाच्या. सुतारानं माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "ही घरच्या बाईसाठी. पाय भक्कम केलेत." केले खरे, पण बसायला बाई हवी ना!

बाईंचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. साऱ्या जगाचा माल त्यांच्या खोक्यांत नीट बसायचा, फक्त त्यांना स्वतःला बसायला सवड नव्हती. ताटं मांडली की आजी फोन लावायच्या, "सूनबाई, निघालीस का?" पलीकडून यंत्राच्या घरघरीत ठरलेलं उत्तर, "आलेच!" मग भाजी निवायची, साहेब ती पुन्हा गरम करायचे आणि शेवटी मुलीसकट तिघं जेवून घ्यायची. बहिणी बसून बसून कुरकुरायला लागल्या. माझा कंठ काही फुटला नव्हता. माझ्यावर बॅग बसली, नमुन्याची खोकी बसली, एकदा कलिंगडही बसलं.

एकदा मुलगी व्याकरणाचा पेपर घेऊन आली. "'मी आलेच': काळ ओळखा." तिनं लिहिलं होतं, भविष्यकाळ. वर लाल फुली.

"शाळेतल्या बाई म्हणतात, भूतकाळ," ती फुरंगटून म्हणाली.

"त्यांचं काय चुकलं?" आजी म्हणाल्या. "त्या कुठे तुझ्या आईची वाट बघत जेवायच्या थांबल्यात?"

साहेब खो खो हसले. मुलगी हसली नाही. ताट सारून उठली आणि मला फरफटत आपल्या खोलीत घेऊन गेली. "हिच्यावर कुणी बसत नाही. मला अभ्यासाला होईल."

टेबलापाशी तिघी बहिणीच उरल्या. रिकामी का होईना, मी जागा धरून तरी होते.

आणि दुसऱ्याच दिवशी बाई वेळेवर आल्या! हातपाय धुतल्याचा आवाज आला, पावलं टेबलापाशी आली आणि तिथंच थांबली.

"अगंबाई, माझी खुर्ची?"

मुलगी खोलीतूनच ओरडली, "आणलीच, आई!"

मुलगी माझ्यावर मांडी ठोकून बसलेली. हलायचं नाव नाही. बाहेर आजींनी पदर तोंडाला लावला असावा. हसू दाबल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात फोन वाजला. कारखान्याचे मॅनेजर.

"उद्या बघू," बाई म्हणाल्या. "मी जेवायला बसलेय."

धडधडीत खोटं! बसायला मी होते कुठे? पण मुलगी ताडकन उठली. मला ओढत आणलं, फ्रॉकनं पुसलं. बाई टेकल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुरकुरले.

"फुटला बाई कंठ!" आजी म्हणाल्या.

"हिचं तेल संपलंय का?" बाईंनी कारखान्यातल्यासारखं विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली, "तिला सवय नाहीये."

बाईंनी मला टेबलाजवळ आणखी ओढून घेतलं.

आता रोज येतात असं नाही. मोठी ऑर्डर असली की माझ्या नशिबी बॅग आहेच. पण 'आलेच' म्हणायची चोरी झालीय, म्हटलं की मुलगी विचारते, "काळ कोणता?"

कारखाने चालवा, माझं काही म्हणणं नाही. तो एक 'च' तेवढा तिकडेच खोक्यात भरून या. तो असला की मला लगेच कळतं, आज बॅगच.

थांबा, दार वाजलं. बाईंचा आवाज.

"आले गं!"

तेवढी माझ्यावरची इस्त्रीची चळत उचला कुणीतरी.