समजूतदार मांजर

मांजरवाल्या बाईंनी ते पांढरं-करडं मांजर उचललं आणि खांद्यावर टाकलं. ओल्या टॉवेलसारखं ते तिथं लोंबत राहिलं.

"रॅगडॉल जातीचं आहे," बाई म्हणाल्या. "कसंही उचला, अंग सैल सोडतं. नखं काढत नाही, ओरडत नाही."

"म्हणजे तक्रार शून्य," वडील म्हणाले.

ते एका कारखान्यात खरेदी अधिकारी होते. पंपापासून पायपुसण्यापर्यंत सगळं चार ठिकाणी चौकशी करून घेत. मांजराच्या बाबतीतही त्यांनी कसूर ठेवली नव्हती. पर्शियन केस गाळतं म्हणून बाद झालं होतं, सयामी फार बोलतं म्हणून. मुलांची आई वर्षापूर्वी गेली, आणि तेव्हापासून घर इतकं शांत झालं होतं, की फ्रिज बंद झालेला दुसऱ्या खोलीत कळे. मुलांना विरंगुळा म्हणून मांजर आणा, ही त्यांच्या आत्याची सूचना. आत्याला स्वतःला मांजर चालत नसे.

"मुलं लहान दिसतायत," बाई म्हणाल्या.

धाकटा सोफ्याखाली डोकं घालून कुणाची तरी शेपटी ओढत होता. त्याची ताई, जेमतेम आठ वर्षांची, त्याचा शर्ट मागून धरून बसली होती आणि "हळू रे राजा, हळू" असं म्हणत होती. सूर अगदी चाळिशीच्या बाईचा.

"हिची मला काळजीच नाही," वडील म्हणाले. "फार समजूतदार आहे. आई गेली त्या दिवशी हिनंच मला पाणी आणून दिलं."

हे त्यांनी वर्षभरात इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता ते ओळख करून दिल्यासारखंच वाटे. मुलीनं फरशीकडे पाहिलं. आपलं कौतुक चालू असताना कुठं बघायचं, हे तिला सरावानं ठाऊक झालं होतं.

बाईंनी खांद्यावरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवला.

"खरं सांगू? हे मी तुम्हाला देणार नाही. आधीच्या घरीही लहान मुलं होती. परत आलं, तेव्हा बरगडी मोडलेली. कधी मोडली, कुणालाच पत्ता नाही. खात होतं, मांडीवर बसत होतं, सगळं नेहमीसारखं." त्यांनी कपाटावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या मांजराकडे बोट केलं. "ते न्या. साधं गावठी आहे. नकोसं झालं की फिसकारतं, एक पंजा मारतं आणि वर जाऊन बसतं. पोरं लगेच शिकतात."

"पंजे विकत कशाला घ्यायचे?" वडील म्हणाले. "ते आमच्या ऑफिसात फुकट मिळतात."

तेवढ्यात शेपटी निसटली. धाकटा पुन्हा आत घुसू लागला. ताईनं त्याला मागं ओढलं. त्यानं वळून तिच्या हाताचा चावा घेतला. सावकाश, मन लावून. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. त्याचं होईपर्यंत ती थांबली, मग फ्रॉकनं त्याची हनुवटी पुसली आणि बाही खाली ओढली.

बाईंनी ते पाहिलं. वडिलांनीही पाहिलं.

"दुखलं?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

मांजर खाली ठेवून बाईंनी धाकट्याचं बोट धरलं. "चल, पिल्लं दाखवते," म्हणत त्याला आतल्या खोलीत नेलं.

वडील गुडघे धरत जमिनीवर बसले. त्यांनी तिची बाही वर केली. ताज्या खुणेशेजारी एक जुनी होती, पिवळी पडलेली. त्या खुणेच्या वर आणखी एक.

"दुखतं ना?"

तिनं आधी आतल्या दाराकडे पाहिलं. मग बाहेर पडण्याआधी आभाळ बघावं, तसा वडिलांचा चेहरा पाहिला.

"बाबा, मांजर नको घेऊ या."

"हे नको? ते पट्ट्यांचं घेऊ."

"कुठलंच नको." मांजरांना वाईट वाटू नये, अशा बेतानं ती कुजबुजली. "त्याचंपण मलाच बघावं लागेल."

'मी बघेन ना' हे वडिलांच्या ओठांपर्यंत आलं. वर्षभरात आपण काय काय बघितलं, ते आठवायला लागल्यावर तिथंच थांबलं.

"बरं," ते म्हणाले. "नको."

तिनं मान हलवली. मग तिचे ओठ वाकडे झाले, आणि ती रडू लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मोठा, लहान मुलाचा.

"काय झालं हो?" बाईंनी आतून विचारलं.

"रडतेय," वडील म्हणाले. "त्याला जरा तिकडेच थांबवून ठेवाल? आम्हाला वेळ लागेल."