अड्यारचा नापास बोर्ड

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, हे मला कुणी सांगायला नको. मी चाचणीचा बोर्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर प्रोसेसर, थोडी मेमरी, एका बाजूला कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला छोटी स्क्रीन. चेन्नईत अड्यारच्या एका कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. आत्ता मी भंगाराच्या खोक्यात पडलो आहे. खोकं न्यायला माणूस केव्हाही येईल, म्हणून घाईने सांगतो. बाबांनो, एवढं ऐकून घ्या.

तिकडे शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला एक कारखाना शाळेच्या व्हॅनसाठी कॅमेरे बनवतो. व्हॅन मागे घेताना मागचा रस्ता चालकाला स्क्रीनवर दिसावा, मागे एखादं पोर उभं असेल तर त्याने थांबावं, यासाठी तो कॅमेरा. कॅमेरा आणि स्क्रीन यांना चालवणारा कोड आमच्या कचेरीत लिहीत. त्याला कर्नेल ड्रायव्हर म्हणतात. तो आधी माझ्यावर चालवून बघायचा आणि मगच व्हॅनमध्ये घालायचा. मी नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! कुणी पाहुणे आले की पहिल्यांदा मला पुढे करायचे. माझ्यावर कोड पास झाला की सगळे खाली जाऊन फिल्टर कॉफी पिऊन यायचे.

या कोडची एक गंमत आहे. कॅमेरा चित्र काढतो ते मेमरीच्या एका तुकड्यात, आणि स्क्रीन तोच तुकडा वाचून दाखवते. एकच तुकडा दोघांत. म्हणून कोडने सतत हिशेब ठेवायचा असतो, की तुकडा अजून कुणाच्या हातात आहे. आमच्या विद्यालक्ष्मी अक्का, म्हणजे गटाच्या प्रमुख, मूळच्या तंजावरकडच्या. नव्या मुलांना त्या सांगायच्या की जेवणारा उठल्याशिवाय त्याच्यापुढचं केळीचं पान उचलू नये, तसं हे आहे. मुलं हसायची, पण लक्षात ठेवायची.

पुढे माझी कॅमेऱ्याची केबल सैल झाली. वय झालं, दुसरं काय. मधूनच कॅमेरा बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शेजारी दोन नवे बोर्ड आले, त्यांची केबल घट्ट. आणि कचेरीत एक रीत पडून गेली. माझ्यावर लाल दिवा लागला की केबल काढायची, तिच्यावर फुंकर मारायची, परत खोचायची आणि पुन्हा चाचणी लावायची. हिरवा दिवा लागेपर्यंत हेच. तिघांपैकी दोघे पास म्हणजे कोड पास. मी कशामुळे रडतो आहे, हे कुणी विचारायचंच नाही.

मंदार नावाच्या मुलाने चार महिने खपून नवा कोड लिहिला. गुणी मुलगा. लांब तांबरमला राहायचा, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. पण त्याच्या कोडमध्ये एका जागी घोटाळा होता. कॅमेरा मध्येच बंद पडला तर कोड कॅमेऱ्याचा हात सोडवायचा, ते बरोबर. पण त्याच झपाट्यात स्क्रीनचाही हात सुटला असं धरायचा. मग पुन्हा सुरू झालेल्या कॅमेऱ्याला नवा तुकडा मिळायचा आणि स्क्रीन बिचारी जुनाच तुकडा धरून बसायची. त्यात मघाचंच चित्र. नव्या बोर्डांचा कॅमेरा बंदच पडत नव्हता, त्यांना हे दिसणार कसं? दिसत होतं ते फक्त मला.

कोड तपासायचं काम ऋजुताकडे आलं होतं. साताऱ्याची, कचेरीत नवीन. त्या दिवशी संध्याकाळी सहाला कोड कारखान्याकडे जायचा होता आणि तिने मंजुरी दिल्याशिवाय तो जात नव्हता. सकाळी तिने माझ्यासमोरच्या खुर्चीवरची आपली छत्री उचलली. स्क्रीनवर छत्री तशीच राहिली. तिने दोनदा पाहिलं आणि मंदारला हाक मारली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो, आता हे लोक बघतील.

मंदार आला. त्याने केबल काढली, फुंकर मारली, खोचली. हिरवा दिवा. हा बोर्डच गेलाय, म्हणाला, याच्या नादी लागू नकोस. त्याला रात्रीच्या गाडीने सोलापूरला जायचं होतं, बहिणीचा साखरपुडा होता. त्याने माझ्यावर लाल पट्टी चिकटवली आणि मला या खोक्यात टाकलं.

मित्रांनो, त्या दुपारी माझी काय अवस्था झाली ते मी कसं सांगू! मला तोंड नाही. असतं तर ओरडून ओरडून घसा फोडला असता. अरे, मी खराब आहे ते खरंच, पण खोटं बोलत नाही रे! रोज खड्ड्यांतून धावणाऱ्या व्हॅनच्या केबलीसुद्धा माझ्यासारख्याच सैल होणार. चालकाला मागे मोकळा रस्ता दिसणार आणि तिथे एखादं पोर वाकून बुटाची नाडी बांधत असणार. हे डोळ्यांसमोर यायचं आणि मी नुसता तळमळायचो.

पाच वाजून गेल्यावर ऋजुताने मला खोक्यातून काढलं. तिच्या मनातून ती छत्री काही जात नव्हती. तिने मला टेबलावर ठेवलं, जोडलं आणि चाचणी लावली. जन्मात पहिल्यांदा मी देवाचा धावा केला, की आज मला नापास कर. आणि माझं नशीब बघा, हिरवा दिवा लागला. तिने पुन्हा लावली, पुन्हा हिरवा. मी हातपाय गाळले. अक्काही येऊन उभ्या राहिल्या होत्या. मंदार म्हणाला, आता तरी पटलं ना, मंजुरी दे बाई.

ऋजुताने माझी केबल एकदा निरखून बघितली. मग म्हणाली, "मंदार, केबल नीट असली की चालतंच रे. ती नीट नसेल तेव्हा काय होतं, ते बघूया. तू त्या खुर्चीच्या बाजूला उभा राहा, मी केबल ओढली की तिच्यावर बस."

तिने चाचणी पुन्हा लावली. स्क्रीनवर रिकामी खुर्ची दिसली. मग तिने माझी केबल दोन बोटांत धरली आणि हळूच ओढली. कॅमेरा बंद पडला, पुन्हा सुरू झाला. मंदार खुर्चीवर बसला होता, पाय पसरून. स्क्रीनवर खुर्ची रिकामीच होती.

त्याने हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. स्क्रीनवर तो नव्हताच.

"सेरी मा, ठीक आहे," अक्का ऋजुताला म्हणाल्या, "नामंजूर लिही. कारखान्याला मी सांगते."

मंदारने कुणावर राग काढला नाही. तो बाहेर गेला, घरी फोन केला, तिकीट रद्द केलं आणि परत येऊन कोड उघडून बसला. त्याचे डोळे भरले होते. ऋजुताने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली.

केबल ओढताना माझी खोबणी मात्र तुटली. आता मला कॅमेरा जोडताच येत नाही, म्हणजे मी पुरता आंधळा झालो. त्याचं मला दुःख नाही, त्या पोरीने केलं ते बरोबरच केलं. माझ्या जागी तिसरा नवा बोर्ड लावला आहे. तिघांचेही दिवे हिरवे आहेत आणि सगळे खूश आहेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात एखादं सारखं नापास होत असेल, तर त्याला हुसकून लावू नका. जवळ बसा आणि त्याला काय दिसतंय ते विचारा. खालून टेम्पोचा हॉर्न ऐकू येतो आहे, मला न्यायला आले वाटतं. मंदार उद्या नवा कोड देईल, परवा कुणी दुसरा देईल, आणि त्या टेबलावर आता नापास होणारं कुणीच उरलेलं नाही.