छातीवरची माती

या मोसमात माझ्या हातून एकही चेंडू सुटलेला नाही. संघात मला उगाच 'डिंक्या' म्हणत नाहीत. बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा म्हणजे तापलेला तवा, आणि त्या तव्यावर मी कित्येक वर्षं उभा आहे. म्हणून आज सामना संपल्यावर कोचने बाजूला बोलावलं, तेव्हा कर्णधारपद पदरात पडणार हे मी धरूनच चाललो होतो.

कोच म्हणाला, पुढच्या सामन्यापासून तुझ्या जागी नवा खेळाडू उभा राहील.

नवा म्हणजे तो धांदरट? ज्याच्या हातून दर सामन्यात एखादा तरी चेंडू निसटतो? मी तोंडाला येईल ते बोललो. माझी एक तरी चूक दाखवा, म्हटलं.

"तुझी चूक नाहीच," कोच शांतपणे म्हणाला. "पण तो चेंडूपर्यंत पोचतो. तू चेंडूला नुसता जाताना बघतोस."

लांबून जाणारे चेंडू कुणाच्या बापाला मिळतात? घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात कोचच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बायको नुकतीच कामावरून आली होती. मी भिंतीला टेकून बसलो. तिनं माझ्या खेळाच्या बॅगेतून पांढरा शर्ट काढला आणि न बघताच मशीनमध्ये टाकला.

पूर्वी हा शर्ट ती न्हाणीघरात बसून घासायची. चेंडूमागे झेप घेऊन आडवा पडलो की छातीभर माती लागायची. 'एवढी आणतोसच तर कुंडीत तरी ओत,' असं बडबडायची.

"अगं, ब्रशनं घासत नाहीस आधी?" मी विचारलं.

"घासायला आहे काय त्यात? ब्रश मागच्या वर्षीच टाकून दिला. हल्ली किती शहाण्यासारखा खेळतोस तू."

ती खरंच कौतुकानं बोलली. मी उठून मशीनमधून शर्ट बाहेर काढला, दिव्याखाली धरला, उलटासुलटा करून पाहिला. काखेत घाम होता. छाती धुऊन आणल्यासारखी स्वच्छ होती.

"काय शोधतोयस?" तिनं विचारलं.