कुरडयांचा चुरा

माझी नणंद स्नेहा भुवनेश्वरला राहते. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी जावा नाशिकहून तिला कुरडया पाठवतो. खोकी वेगळी, कारण तृप्तीला माझ्या खोक्यात आपल्या कुरडया घालायच्या नसतात आणि मलाही त्या नको असतात.

मी एकेक कुरडई मऊ कागदात गुंडाळते, फटींत कापूस कोंबते, वर लाल पेनने 'नाजूक' लिहिते. तृप्ती मिठाईच्या खोक्यात ओतते आणि सुतळी बांधते. तरी तीन वर्षं तिच्या अख्ख्या पोचल्या आणि माझ्या कुरडयांचा चुरा झाला. स्नेहाने घरच्या ग्रुपवर तृप्तीच्या कुरडयांचा फोटो टाकला की माझ्या पोटात दुखायचं. मी या घरात आले तेव्हा स्नेहा दुसरीत होती. तिच्या वेण्या घातल्या मी, आणि कौतुक काल आलेल्या तृप्तीचं.

गेल्या वर्षी मीच स्नेहाला फोन केला. "पुढच्या वेळी तृप्तीकडूनच मागव."

"असं काय करता वहिनी? तृप्तीच्या अख्ख्या मी पाहुण्यांना तळते. तुमच्या चुऱ्याची भाजी करते, कांदा परतून. माझ्या परीक्षेच्या वेळी तुम्ही करायचात ना, तशी. तुमचा डबा कधीच संपला."

हे मनात ठेवायला हवं होतं. पण मी तडक वरच्या मजल्यावर तृप्तीकडे गेले आणि भाजीसकट सगळं ऐकवलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं.

यंदा वर गेले, तर ती ओट्यावर लाटण्याने आपल्याच कुरडया ठेचत होती.

"नाही तरी वाटेत फुटतातच, ताई," ती म्हणाली.

"तुझ्या कधी फुटल्या?"

तिने पुढची कुरडई ओढली. लाटणं चालूच.

माझा तिळपापड झाला. आपणही ठेचाव्यात असं वाटलं, पण गहू भिजवून, चीक शिजवून केलेल्या कुरडयांवर माझा हात उचलेना. नेहमीसारख्याच गुंडाळल्या. फक्त 'नाजूक' लिहिलं नाही. कुरिअरवाला खोकं आपटेल, एवढीच आशा.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर दोन फोटो आले. एकात माझ्या कुरडया, एकही तार न तुटलेल्या. खाली स्नेहाने लिहिलं होतं, 'वहिनींच्या या वेळी जशाच्या तशा! पाहुण्यांसाठी ठेवून दिल्या.' दुसऱ्यात भाजीची ताटली.

सगळ्यांनी माझ्या पॅकिंगचं कौतुक केलं. पहिला अंगठा तृप्तीचा होता.