मशीनमधले चिंचोके

"दुसऱ्यांदा अडकलं हे, अयोध्याबाई. आणि दर वेळी तुमच्याच हातात," प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या.

मी कढई घासत राहिले. सिंकखाली मुनवरभाई मिस्त्री उताणे पडून मशीनला किल्ली घालत होते.

भूमच्या या मुलींच्या होस्टेलात मी अकरा वर्षं भांडी घासते. कुणा देणगीदारानं खरकटं दळायचं हे मशीन बसवलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. आधी गार पाणी सोडा, मग बटण दाबा, खरकटं घासाघासानं टाका, नंतरही पाणी चालू ठेवा. नळाला पाणी येतं आठव्या दिवशी आणि हे मेलं बादल्या पितं. शेवग्याचा चोथा, कांद्याची सालं मी हातानं वेचून काढते. शनिवारी त्याला बर्फ आणि लिंबाची साल चारते, तोंडाचं रबर जुन्या ब्रशानं घासते. पोटच्या पोरांचे एवढे लाड केले नाहीत.

पूर्वी हे खरकटं माझ्या म्हशीला, चंद्रीला जायचं. म्हणून गेल्या महिन्यात मशीन अडकलं तेव्हा मॅडम सगळ्या पोरींसमोर बोलल्या, "म्हशीसाठी मुद्दाम बिघडवता तुम्ही." वॉर्डन त्या, कोण उलटून बोलणार? तेव्हा नुसती किल्ली फिरवून मशीन मोकळं केलं, आत कुणी बघितलं नाही. माझा मात्र जीव जळत राहिला. परवा चंद्रीला बाजारात नेऊन विकली. म्हटलं, म्हैसच नसली तर बोट कशाला दाखवतील?

आणि आज हे परत अडकलं.

मुनवरभाई उठून बसले. तळहातावर पाच-सहा काळे चिंचोके आणि शिरांचा गुंता होता.

"चिंच टाकली कुणी तरी. शिरा गुंडाळल्या, चिंचोके फसले. मेसला चिंच वापरता का, बाई?"

"न्हाय. आमटीत टमाटं घालत्यात हितं."

मॅडम खिडकीकडं बघायला लागल्या. तिथं त्यांचे पितळेचे देव आणि समई वाळत ठेवलेली होती, लखलखीत. खोलीत नळ नाही म्हणून त्या देव इथंच घासतात, चिंचेनं. मागच्या वेळीही देव घासले आणि दुसऱ्या दिवशी मशीन अडकलं. मलाच कसं सुचलं नाही, याचा मला राग आला.

"अयोध्याबाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. आजपासून खरकटं म्हशीला न्या तुम्ही. मशीन राहू द्या."

हातातली घासणी भिरकावून द्यावीशी वाटली.

"परवाच इकली तिला, मॅडम."

मुनवरभाईंनी हत्यारं पिशवीत भरली.

मी गार पाणी सोडलं, बटण दाबलं आणि दुपारचं खरकटं घासाघासानं मशीनला घालू लागले.