अधिकारी म्हंजी तुमीच

दगडाबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला, हे स्वरूपाला वस्तीवरच्या आशा सेविका अनसूयाकडून कळलं.

"इंदापूरचे डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता," अनसूया आरोग्य उपकेंद्राच्या दारातूनच म्हणाली.

बरोबर आठ दिवसांपूर्वी स्वरूपानंच तो पाय बघितला होता. अंथुर्ण्याच्या पुढच्या वस्तीवर ती दोन वर्षं समुदाय आरोग्य अधिकारी होती. शिक्षण नर्सिंगचं. बीपी बघायचं, साखर तपासायची, ठरलेल्या गोळ्या द्यायच्या आणि हाताबाहेरचा पेशंट वेळेत पुढं पाठवायचा, एवढं तिचं काम. लोक तिला कधी सिस्टर म्हणत, कधी डॉक्टरीणबाई. पहिले सहा महिने तिनं प्रत्येकाला दुरुस्त केलं, मग कंटाळून सोडून दिलं.

दगडाबाईंची साखर साडेतीनशेच्या वर होती आणि अंगठा काळा पडत चालला होता. तिनं चिठ्ठी दिली होती, तोंडानंही बजावलं होतं. मग हे आठ दिवस गेले कुठं?

दुपारी ती चिडूनच त्यांच्या घरी गेली. दगडाबाईंचे मालक गेणबा दवाखान्यातून धारा काढायला परत आले होते.

"आबा, लगेच दाखवा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"आलतो की दाखवायला. तुमच्याकडंच."

"माझ्याकडं?"

गेणबांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'वैद्यकीय अधिकाऱ्यांना तातडीने दाखवणे.'

"नातीनं वाचली. अधिकारी म्हंजी तुमीच, दारावर पाटी हाय तुमच्या. दुसऱ्या दिशी आलो तर कुलूप. तुमी मिटिंगला. मग सुट्टी लागली. सोमवारी आलो तर तुमच्या हितली दुसरी नर्सबाई म्हनली, बाई उद्या येत्याल. त्या राती पाय लईच सुजला, तवा इंदापूरला न्हेलं."

"वैद्यकीय अधिकारी म्हणजे डॉक्टर, आबा. मी डॉक्टर नाही. किती वेळा सांगितलंय."

"गोळ्या तुमी देता, तपासता तुमी. डॉक्टर न्हाय तर मग कोन?" गेणबांचा आवाज चढला नव्हता. "आन् इंदापूरला जा असं का न्हाय लिवलं? गेलो नसतो व्हय?"

स्वरूपानं चिठ्ठी पुन्हा वाचली. तोंडानंही तिनं 'वैद्यकीय अधिकारी' असंच म्हटलं होतं. ट्रेनिंगमध्ये जसं शिकवलं, तसं.

तालुक्याच्या पुढच्या मिटिंगमध्ये तिनं आरोग्य खात्याच्या साहेबांपुढं हा विषय काढला. चिठ्ठीवर सरळ 'डॉक्टर' छापा, आमच्या पाटीवर 'नर्स' लिहा, अशी तिची मागणी होती.

"पदनाम शासनानं ठरवलंय, मॅडम. आहे ते बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"बरोबर आहे सर, पण कुणाला कळत नाही."

"मग समजावून सांगा," म्हणत त्यांनी पुढचा विषय घेतला.

तेव्हापासून ती प्रत्येक चिठ्ठीवर हातानं लिहू लागली, 'इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा.' पेशंटकडून ते म्हणवूनही घेई. दोन हार्टचे पेशंट त्यामुळे वेळेत पोचले. पण रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे. आणि दुसरंच एक सुरू झालं. बाई डॉक्टर न्हायती, ही गोष्ट वस्तीभर पसरली.

एका सकाळी कुंडलिक नावाचा पन्नाशीचा माणूस चक्कर येते म्हणून आला. स्वरूपानं बीपीचं मशीन पुढं ओढलं.

"डॉक्टर कधी यायचं?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर इथं नसतात. मी नर्स आहे. पण बीपी मीच बघते, गरज वाटली तर पुढं पाठवते."

"ऱ्हाऊ द्या मग. डॉक्टरलाच दाखवतो सवडीनं."

ती उठून दारापर्यंत जाईतो त्यानं गाडीला किक मारली होती. दारात उभ्या उभ्या तिला गेणबांचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त आपण डॉक्टर नाही हे इतकं नीट सांगितल्याचा आला. मग तिनं मशीन पिशवीत भरलं आणि अनसूयाला फोन लावला.

"कुंडलिकरावांचं घर माहितीय ना? चल, आपणच जाऊ. आणि वाटेत मला सांग, तिथं गेल्यावर मी कोण आहे म्हणून सांगू."